करावे, पावणे, दिवाळे आणि शोधयंत्र

माझ्या कार्डावर ‘नॉलेज इंजिनिअर’ असे छापलेले आहे. शेजारच्या काकूंना वाटते मी कुठेतरी क्लास घेतो. मेकॅनिकलच्या मित्रांचे म्हणणे असे की कंपनीला दुसरे काही सुचले नाही म्हणून हे नाव चिकटवले. प्रत्येक लग्नात जेवणाच्या रांगेत उभा राहून मला याची व्हायवा द्यावी लागते. तेव्हा मासिकाच्या मराठी विभागाने लेख मागितलाच आहे, तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

मित्रांनो, सर्च इंजिन म्हणजे शोधयंत्र मुळात काय करते, ते आधी पाहू. तुम्ही प्रश्न टाकल्यावर ते सगळी पाने वाचत बसत नाही. पाने त्याने आधीच वाचून ठेवलेली असतात आणि आपल्या टेक्स्टबुकच्या शेवटी असते तशी एक सूची केलेली असते : अमुक शब्द, अमुक पानांवर. याला इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतात. तुम्ही दोन शब्द टाकले की दोन याद्या काढायच्या, जुळणारी पाने निवडायची आणि त्यांना क्रम लावायचा. क्रम लावताना एक साधी युक्ती वापरतात. जो शब्द सगळ्याच पानांवर आहे त्याला वजन कमी, जो मोजक्याच पानांवर आहे त्याला जास्त. ‘आणि’ला किंमत नाही, ‘घणसोली’ला आहे. ही कल्पना कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी १९७२ साली मांडली आणि आजही ती कुठल्या ना कुठल्या रूपात प्रत्येक शोधयंत्राच्या पोटात आहे.

इथपर्यंत सगळे गणित आहे, ते कॉम्प्युटरवाले उत्तम करतात. पण यंत्राला दिसतात ती अक्षरे. अर्थ त्याच्या बापालाही दिसत नाही. शब्द आणि अर्थ यांच्यात जी फट राहते, ती बुजवणे हे माझे काम.

आपल्या नवी मुंबईत ही फट किती मोठी आहे याची तुम्हाला कल्पना नसेल. सीवूड्सजवळ करावे नावाचे गाव आहे. थंडीत फ्लेमिंगो पाहायला लोक त्या बाजूला जातात. आता ‘करावे’ हा मराठीतला अत्यंत सामान्य शब्द. काय करावे, कसे करावे, अर्ज कुठे करावे! मराठीसाठी कुचकामी शब्दांची यादी कोणी बनवली, म्हणजे ज्याला स्टॉप-वर्ड म्हणतात ते, तर त्यात ‘करावे’ हमखास जाणार. आणि ते गेले की यंत्राच्या दृष्टीने अख्खे गाव नकाशावरून पुसले गेले. वर ‘करावेत’ म्हणजे करावे गावात की ‘अर्ज करावेत’मधले करावेत, हे त्याने कसे ओळखावे? (पाहा, इथेही आलेच!)

पुढे चला. एमआयडीसीत पावणे आहे. कोणी ‘पावणे सातची बस’ असे शोधले तर तो वेळ विचारतोय की गाव? बेलापूरला दिवाळे कोळीवाडा आहे. प्रत्यय कापणारा प्रोग्रॅम जरा आगाऊ असला तर दिवाळे आणि दिवाळी दोन्हींचे ‘दिवाळ’ करून ठेवतो. मग कोळ्यांचे गाव, लक्ष्मीपूजन आणि बुडालेली पतपेढी एकाच यादीत नांदतात. कोपरखैरणे हा शब्द कोणी तोडून ‘कोपर खैरणे’ लिहिला की पहिल्या तुकड्यात मध्य रेल्वेवरचे डोंबिवलीजवळचे कोपर स्टेशन येते, आणि त्याहून वाईट म्हणजे हाडांचे डॉक्टर येतात, कारण कोपर दुखते!

नेरूळ आणि नेरळ हा माझा आवडता जोड आहे. एक हार्बरवर, दुसरे माथेरानच्या पायथ्याशी. स्पेलिंग सुधारणारा प्रोग्रॅम दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजतो. इथे फरक एका उकाराचा. म्हणजे प्रोग्रॅमच्या मते तुम्ही चुकून टाईप केले असणार, आणि तो परस्पर तुम्हाला मिनी ट्रेनचे वेळापत्रक दाखवतो. वाशी नवी मुंबईत आहे तशी धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्याचे ठिकाणही आहे. बेलापूर अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. ‘सेक्टर १०’ तर विचारूच नका. वाशीला आहे, नेरूळला आहे, ऐरोलीला आहे, खारघरला आहे. सिडकोने प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे नंबर पुन्हा एकपासून सुरू केले. त्यांच्या दृष्टीने सोयीचे, आमच्या दृष्टीने पोटापाण्याचे.

मग यावर उपाय काय? एकेक नाव घेऊन त्याची ओळखपत्रे तयार करायची. करावे : प्रकार गाव, जवळ नेरूळ आणि सीवूड्स, सोबत येणारे शब्द गाव, तलाव, सेक्टर, फ्लेमिंगो, आधी ‘काय’, ‘कसे’ आले किंवा मागेपुढे ‘अर्ज’ असेल तर क्रियापद समजावे. यंत्राला वाचता येईल अशा रूपात हे लिहिणे, तपासणे, शंभर खऱ्या प्रश्नांवर चालवून पाहणे आणि नव्याण्णव बरोबर आले तरी शंभराव्यावर डोके खाजवणे, असा आमचा दिवस असतो. वस्तू, तिचा प्रकार आणि तिची दुसऱ्या वस्तूंशी नाती यांचा जो पसारा तयार होतो त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. गूगलने २०१२ साली नॉलेज ग्राफ आणला तो याच जातीचा, फक्त अवाढव्य.

यात तारखाही लागतात, हे कॉलेजात कोणी सांगत नाही. औरंगाबाद २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर २०२४ पासून अहिल्यानगर. जुने कागद जुन्या नावाने, प्रश्न नव्या नावाने. दोन्ही एकच, पण अमुक सालापासून, हे नोंदवावे लागते. बेलापूरच्या माणसाने नुसते ‘विमानतळ’ म्हटले की पूर्वी एकच उत्तर होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, डिसेंबरात विमाने सुटू लागली, आणि एका शब्दाची दोन उत्तरे झाली. रिक्षावाल्यांना ते त्याच दिवशी कळले, यंत्राला आम्हाला सांगावे लागले.

आता मराठीच्या खास दुखण्याकडे वळू. इंग्रजीत एका नामाची दोन-तीन रूपे होतात. आपल्याकडे वसतिगृह, वसतिगृहाला, वसतिगृहात, वसतिगृहातले, वसतिगृहातल्यांसाठीच... एका शब्दाची रेल्वेगाडी होते! सूचीत हे सगळे वेगवेगळे शब्द म्हणून गेले तर ‘वसतिगृह’ शोधणाऱ्याला ‘वसतिगृहात’ असलेले पान मिळणार नाही. म्हणून डबे सोडवून इंजिनापर्यंत जावे लागते, त्याला स्टेमिंग म्हणतात. डबे कमी सोडवले तर पाने निसटतात, जास्त सोडवले तर दिवाळे निघते. ‘पुण्याचा’ म्हणजे पुणे शहराचा की पुण्याईवाल्या पुण्याचा, हा तर मराठीच्या सरांनाही संदर्भ पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यातून निम्मे लोक ‘वसतीगृह’ असे दीर्घ लिहितात. शुद्धलेखनाचा आग्रह मला आवडतो, पण तो शोधणाऱ्यावर धरून चालत नाही. त्याला उत्तर हवे आहे, मार्क नकोत.

ल्युसीन नावाची मोफत लायब्ररी आहे, जगभरातली कितीतरी शोधयंत्रे तिच्यावर उभी आहेत. तिच्यात हिंदीसाठी तयार सोय आहे. लिपी एकच म्हणून पुष्कळ जण तीच मराठीला लावून मोकळे होतात. ती ऱ्हस्व-दीर्घ एक करते, पाय मोडलेल्या अक्षराचा हलन्त काढून टाकते. हिंदीत लोक ज्या तऱ्हेने लिहितात त्याला ते ठीक असेल. मराठीत मात्र दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर यांची एकदम गळाभेट होते. त्याहून गंमत ‘ऱ्या’ची. सह्याद्रीच्या दऱ्या लिहिताना हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाईप करता येते. एका प्रकारात त्यासाठी वेगळा ‘ऱ’ आहे. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारी, शून्य रुंदीची जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आत मात्र वेगळे, म्हणून एक शोधले तर दुसरे सापडत नाही. आणि साफसफाईच्या नावाखाली कोणी ती न दिसणारी खूण पुसली तर दऱ्यांचा थेट दर्या होतो, डोंगराचा समुद्र! आचाऱ्याचा आचार्य होतो तो याच वाटेने. मेसमध्ये ही बढती कोणाला मिळाली तर हरकत नाही, पण सूचीत चालत नाही.

जुने फॉन्ट हे आणखी एक प्रकरण. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांवर देवनागरी चित्रे बसवलेली असत. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिले की फाईलच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी अक्षरे पडतात. छापल्यावर सुंदर, शोधताना शून्य. अशा फाईलींचे रूपांतर केल्याशिवाय त्यातला एक शब्दही कोणाला सापडत नाही. सरकारी शासन निर्णयांवर एक लांबलचक संगणक संकेतांक असतो, तो तुम्ही पाहिला असेल. तो माहीत असला की कागद चटकन मिळतो. पण तो माहीत असायला कागद आधी हातात असावा लागतो!

हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे वाटेल, म्हणून हॉस्टेलमधल्या मंडळींच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेतो. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना हॉस्टेलच्या खर्चासाठी मदत मिळते. अर्ज महाडीबीटीवर. (अटी आणि रकमा बदलतात, त्या पोर्टलवरच पाहा.) आता ज्याला ही मदत हवी तो पहिल्या वर्षाचा मुलगा काय टाईप करतो? ‘हॉस्टेलचे पैसे’. कागदावर हॉस्टेल नाही, वसतिगृह आहे. पैसे नाहीत, निर्वाह भत्ता आहे. मुलाच्या प्रश्नातला एकही शब्द योजनेच्या नावात नाही! यंत्र प्रामाणिकपणे त्याला घरबसल्या पैसे कमवायच्या जाहिराती दाखवते.

आमच्याकडे प्रश्नांच्या नोंदी राहतात, माणसांची नावे काढून टाकलेली. त्या वाचणे हा या कामातला सगळ्यात शिकवणारा भाग आहे. कोणीतरी ‘हॉस्टेलचे पैसे’ विचारतो. काही मिळत नाही. मग ‘होस्टेल मेस पैसे सरकार’. मग तेच रोमन लिपीत. मग ‘जमीन कमी आहे स्कॉलरशिप’. हा शेवटचा प्रश्न मी कितीदा वाचला असेल. त्या मुलाला अट माहीत आहे, फक्त ‘अल्पभूधारक’ हा शब्द माहीत नाही. चौथ्यानंतर नोंद थांबते. पलीकडे अर्जाची मुदत चालू असते. असेच ईबीसीचे. घरातले मोठे सगळे ‘ईबीसी’ म्हणतात, पोर्टलवर ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. ज्याच्या घरात आधी कोणी शिकलेले आहे त्याला हे दोन्ही एकच हे ठाऊक असते. ज्याच्या घरात नाही, त्याच्यासाठी हे नाते यंत्रात कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

मग सगळेच समानार्थी शब्द जोडून टाका की, असे तुम्ही म्हणाल. इथे परीक्षेला येणारा भाग आहे, लक्ष द्या. समजा, एका प्रश्नाची खरी उत्तरे असलेली पाने २० आहेत. यंत्राने १० दाखवली, त्यातली ८ बरोबर. म्हणजे दाखवलेल्यातली बरोबर ८० टक्के, याला प्रिसिजन म्हणतात. आणि एकूण बरोबरपैकी सापडली ४० टक्के, याला रिकॉल. आता भरपूर समानार्थी शब्द जोडले. यंत्राने ४० पाने दाखवली, त्यात १८ बरोबर. रिकॉल ९० टक्क्यांवर गेला, प्रिसिजन ४५ वर आपटला. एक बाजू वर केली की दुसरी खाली, पाळण्यासारखे. कुठे थांबायचे हे प्रश्न कोणाचा आहे त्यावर ठरते. सिनेमाची वेळ शोधणाऱ्याला पहिलेच उत्तर बरोबर हवे. शिष्यवृत्ती शोधणाऱ्याला चार फालतू पाने चाळावी लागली तरी चालेल, पण खरे पान सुटता कामा नये. निदान माझे मत तरी तसे आहे आणि त्यावरून ऑफिसात माझी भांडणे झालेली आहेत.

समानार्थी शब्द मिळवायला मराठीत बरीच चांगली कामे झालेली आहेत. पवईला आयआयटीत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हिंदी आणि मराठी वर्डनेट तयार केले. एका अर्थाच्या शब्दांचा एक संच, आणि संचांची एकमेकांशी नाती. भारतीय भाषांसाठी ‘संधान’ नावाचे शोधयंत्रही त्याच परिसरातून पुढे आले. २००८ पासून फायर नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात मराठी बातम्यांचा मोठा साठा, ठरवून दिलेले प्रश्न आणि कुठली बातमी कुठल्या प्रश्नाला लागू हे माणसांनी वाचून दिलेले निकाल एकत्र मिळतात. मोजमाप करायला असे काही नसेल तर ‘आमचे यंत्र भारी’ या वाक्याला अर्थ नाही. पण कुठल्याच कोशात ‘हॉस्टेलचे पैसे’ मिळत नाही. ते नोंदी वाचून किंवा माणसांना विचारूनच कळते.

माणसांना विचारणे हे या धंद्याचे मूळ आहे. ‘नॉलेज इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ केले ते स्टॅनफर्डच्या एडवर्ड फायगेनबाम यांनी, १९७७ च्या सुमारास. तज्ज्ञासमोर बसायचे, त्याला बोलते करायचे आणि त्याचे शहाणपण ‘असे असेल तर तसे’ या नियमांत उतरवायचे. रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी मायसिन नावाची प्रणाली होती, तिच्यात असे सुमारे सहाशे नियम होते. आपल्याकडेही हे काम लवकर सुरू झाले. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने अशा प्रणाली बांधण्यासाठी ‘विद्वान’ नावाचा सांगाडा तयार केला होता. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिचे एक कार्यालय आपल्याच भागात आहे. पत्त्यात सीबीडी बेलापूर, समोर स्टेशन खारघरचे! ज्ञान अभियंत्यांच्या पत्त्यालाही ज्ञान अभियंता लागावा, यापरते काय.

विचारण्याचा एक अनुभव सांगतो. वाशीच्या बाजारसमितीतल्या मालाच्या भावांसाठी आम्ही शोध बांधत होतो. आमच्याकडे आलेल्या एका तयार यादीत ‘गोल्टी’ हा शब्द कांद्याच्या प्रतीखाली टाकलेला होता, म्हणजे हलका माल. मी यादी घेऊन कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर गेलो. तिथल्या मेहताजींनी चष्मा वर करून यादी पाहिली.

‘‘हे कोणी लिहिलंय? गोल्टी म्हणजे खराब नव्हे, भाऊ. गोल्टी म्हणजे लहान. चिंगळी त्याहून लहान. लहान कांदा एक नंबर असू शकतो आणि मोठा सडका असू शकतो.’’

‘‘मग उन्हाळ, पोळ, लाल?’’

‘‘ती वेगळी गोष्ट. तो हंगाम. आकार वेगळा, प्रत वेगळी, हंगाम वेगळा. तिन्ही सांगितल्याशिवाय मी भाव सांगणार नाही, तुम्ही कसा सांगाल?’’

पाच मिनिटांत त्या गृहस्थांनी जे सांगितले ते म्हणजे शुद्ध रंगनाथन. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली ग्रंथालयांसाठी द्विबिंदू वर्गीकरण मांडले. पुस्तकाला एकाच कप्प्यात कोंबू नका, त्याच्या वेगवेगळ्या पैलूंवरून त्याची ओळख करा, असा त्याचा गाभा. आज खरेदीच्या साइटवर डाव्या बाजूला रंग, माप, किंमत असे निवडीचे रकाने दिसतात, ते याच विचारातले. मेहताजींनी रंगनाथन वाचलेले नसावेत. त्यांनी कांदे विकले आहेत.

आणि कोशांची यादी करताना शिवकाळातला राज्यव्यवहारकोश विसरता येत नाही. रघुनाथ पंडितांनी महाराजांच्या आज्ञेने केलेला. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, आणि तेही नुसते ओळीने नव्हेत. दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग पाडून. सरनौबतचा सेनापती आणि डबीरचा सुमंत झाला त्या काळातले हे काम. जुना शब्द, नवा शब्द आणि वर्ग एवढे आम्हीही तक्त्यात भरतो. आमच्याकडे फक्त श्लोक नसतात.

आता तुमच्या मनातला प्रश्न. चॅटजीपीटीच्या जमान्यात हे सगळे कशाला? २०१९ पासून गूगलने बर्ट हे मॉडेल शोधात वापरायला घेतले, पुण्यातल्या एल-थ्री-क्यूबने मराठीसाठी महाबर्ट केले. ही मॉडेल शब्दांना आकड्यांच्या रांगेत बदलतात आणि जवळच्या अर्थाचे शब्द जवळ आणून ठेवतात. हॉस्टेल आणि वसतिगृह एक, हे त्यांना बहुधा सांगावे लागत नाही. माझे अर्धे जुने तक्ते त्यामुळे निकामी झाले आणि मला त्याचे दुःख नाही. पण जवळ असणे म्हणजे तेच असणे नव्हे. ईबीसी आणि ओबीसी अशा मॉडेलला फार जवळचे वाटू शकतात, अर्ज भरणाऱ्यासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय मॉडेल आत्मविश्वासाने उत्तर देते. यादी निदान गप्प बसायची! म्हणून हल्ली मॉडेलने आधी खरे कागद शोधावेत आणि त्यावरूनच बोलावे अशी रचना करतात. म्हणजे पुन्हा शोध आला, पुन्हा कुठला कागद कुठल्या सालापासून लागू हे आले. काम बदलले आहे, संपलेले नाही. पाच वर्षांनी काय असेल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी एक सुचवतो, खर्च शून्य. हॉस्टेल आणि ऑफिसच्या गेल्या तीन वर्षांच्या नोटिसा मिळवा. ल्युसीन घ्या, मराठीचा स्टेमर स्वतः लिहा, वर सांगितलेल्या ‘ऱ्या’ची आधी व्यवस्था लावा. मग पन्नास प्रश्न गोळा करा आणि प्रत्येकाला कुठली नोटीस लागू ते हाताने लिहून ठेवा. ही तुमची मोजपट्टी. प्रिसिजन आणि रिकॉल काढा, स्टेमर चालू आणि बंद ठेवून दोन्ही वेळा. प्रश्न मात्र नोटीस वाचलेल्या मुलांकडून घेऊ नका. नोटीस वाचलेला माणूस नोटिशीच्याच भाषेत विचारतो. मेसच्या दारात उभे राहा आणि जे आत्ताच गावाहून आले आहेत त्यांना विचारा, तुला ऑफिसातून काय हवंय? ते जे म्हणतील ते अक्षर न बदलता लिहून घ्या.